प्रश्न लोकांचा, उत्तर शास्त्राचे : सीमाभागातून पाहिलेला विज्ञानप्रसार

एखाद्या वाचनालयाची शंभर वर्षे म्हणजे त्या गावाच्या वाचनाची शंभर वर्षे. या वाचनाचा हिशेब मांडताना आपण कादंबऱ्या, नाटके, चरित्रे आणि संतवाङ्मय यांचा उल्लेख आवर्जून करतो. विज्ञानाची पुस्तके बहुधा शेवटच्या कपाटात असतात आणि आपल्या हिशेबातही ती शेवटीच येतात. प्रस्तुत लेखक भाषेचा अध्यापक आहे, विज्ञानाचा नव्हे. तरीही विज्ञान लोकांना कसे सांगावे, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकालाही टाळता येत नाही. कारण प्रयोगशाळेत मिळवलेले ज्ञान संतपूरच्या, औरादच्या किंवा आळंदच्या माणसापर्यंत पोहोचते ते भाषेच्याच वाटेने. आपल्या या सीमाभागात ते पोहोचले की नाही, यावर माणसांचे हातपाय आणि प्रसंगी प्राणही अवलंबून होते, याला गेल्या काही दशकांचा इतिहास साक्षी आहे. त्या इतिहासातून शास्त्रज्ञांनी आणि आपण वाचकांनी काय घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

जुन्या मराठीने घालून दिलेली वाट

मराठीत विज्ञान सांगण्याची परंपरा मराठी वृत्तपत्राइतकीच जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, हे आपण शाळेत शिकतो. त्याच बाळशास्त्र्यांनी १ मे १८४० पासून ‘दिग्दर्शन’ नावाचे मासिक सुरू केले आणि त्यातून भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन, गणित, व्याकरण अशा विषयांवरील लेख आकृत्या व नकाशे देऊन मराठी वाचकांपुढे ठेवले, हे तितकेसे सांगितले जात नाही. स्वतः विद्वान, अध्यापक आणि कुलाबा वेधशाळेचे प्रमुख असलेल्या या माणसाला आपले ज्ञान मासिकाच्या पानांवर उतरविण्यात कमीपणा वाटला नाही.

पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा प्रचंड ग्रंथ १८९६ साली सिद्ध केला. पंडितांसाठी असा ग्रंथ लिहिणाऱ्या दीक्षितांनी सामान्य वाचकासाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले आणि त्याला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे जोडनाव दिले. या जोडनावातच विज्ञानप्रसाराचे एक मोठे मर्म आहे. वाचकापाशी दुर्बीण नाही, गणित नाही. पण अंगण आहे, आकाश आहे आणि जेवणानंतरचा थोडा वेळ आहे. लेखकाने आरंभ तेथून केला. इंग्लंडात मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने मुलांसमोर व्याख्याने देताना जळती मेणबत्ती विषय म्हणून घेतली आणि तिच्यातून सारे रसायनशास्त्र उलगडून दाखविले. ती व्याख्याने १८६१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. श्रोत्याच्या डोळ्यांसमोर जे आहे तेथून निघावे आणि त्याला ठाऊक नसलेल्या ठिकाणी न्यावे, ही पद्धत दोघांचीही होती.

आपल्या कर्नाटकाच्या दृष्टीने व्यंकटेश बापूजी केतकर यांचे नाव विशेष आदराने घ्यावे लागेल. नरगुंद येथे जन्मलेल्या आणि बागलकोटला शिक्षकी पेशात राहिलेल्या केतकरांनी १९११ साली नेपच्यूनच्या पलीकडील ग्रहांविषयीचे आपले गणित फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत प्रसिद्ध केले. त्याच केतकरांनी मराठी वाचकासाठी ‘नक्षत्रविज्ञान’ लिहिले. एका टोकाला पॅरिसची विद्वत्सभा आणि दुसऱ्या टोकाला मराठी शाळा शिकलेला वाचक, अशा दोघांशीही बोलणारा हा माणूस सीमाभागातल्या एका गावात शिक्षक होता. १९२८ साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले आणि २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली, तेव्हा या एकेकट्या प्रयत्नांना संस्थेचे बळ मिळाले.

आपल्या शेजारच्या कन्नड भाषेतही असेच घडले. शिवराम कारंतांसारख्या कादंबरीकाराने मुलांसाठी ‘बालप्रपंच’ आणि प्रौढांसाठी ‘विज्ञानप्रपंच’ असे ज्ञानकोश जवळजवळ एकहाती रचले. दोन भाषांच्या सांध्यावर राहणाऱ्या आपल्याला हे दोन्ही वारसे आपलेच मानता येतात.

राजभाषेतले ज्ञान आणि घरची भाषा

असे असूनही आपल्या भागात विज्ञान उशिरा आणि थोडे का आले, याचे एक कारण राजकीय इतिहासात आहे. बीदर, गुलबर्गा आणि मराठवाडा हे सारे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. या संस्थानाने विज्ञानशिक्षणाकडे दुर्लक्ष केले, असे कोणी म्हणू शकणार नाही. १९१७ साली तेथे ‘दारुल तर्जुमा’ हा भाषांतर विभाग स्थापन झाला आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. भारतीय भाषेच्या माध्यमातून वैद्यक आणि अभियांत्रिकीपर्यंतचे शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. हजारो पारिभाषिक शब्द घडविले गेले, पाठ्यपुस्तके भाषांतरित झाली. इंग्रजीवाचून उच्च विज्ञान शिकविता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

मात्र ते माध्यम उर्दू होते आणि संस्थानातील बहुसंख्य प्रजा घरी तेलुगू, मराठी किंवा कन्नड बोलत होती. त्यामुळे विज्ञान इंग्रजीतून देशी भाषेत आले, तरी औरादच्या शेतकऱ्याच्या घरात आले नाही. राजधानीत भाषांतर झाले म्हणजे काम संपले, असे होत नाही. कोणासाठी भाषांतर करावयाचे, हे आधी ठरवावे लागते. मराठी माणसांनी गावोगावी वर्गणी काढून वाचनालये चालविली त्यामागे ही उणीव भरून काढण्याचीही ओढ होती.

याच संस्थानातील एक घटना जगाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेजवळ बेगमपेठ येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी दिसले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ही बातमी लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पण स्वतंत्र भारताचा राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू होण्यास १९५३ साल उजाडावे लागले. बेगमपेठेहून लंडनला बातमी चार महिन्यांत गेली. बेगमपेठेहून बीदरच्या खेड्यांपर्यंत यावयास त्या ज्ञानाला अर्धे शतक लागले. ज्ञान निर्माण होणे आणि ज्ञान पोहोचणे ही दोन वेगळी कामे आहेत, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला शोधावे लागणार नाही.

नारू : पोहोचलेले ज्ञान

ज्ञान नीट पोहोचले तर काय होऊ शकते, हेही याच मातीने पाहिले आहे. ज्यांनी साठी ओलांडली आहे अशा आपल्या सभासदांना नारू सांगावा लागणार नाही. पायावर फोड यावा, आग व्हावी, फोड फुटून दोऱ्यासारखा पांढरा जंतू डोके बाहेर काढावा आणि हात-दोन हात लांबीचा तो जंतू काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढावा. मधेच तुटला तर पाय सुजून माणसाने महिनोन् महिने अंथरुणाला खिळावे. पेरणी-काढणीच्या दिवसांत घरचा कर्ता माणूस असा पडला की साऱ्या घराची दैना होत असे. जुन्या वैद्यक ग्रंथांत या रोगाला ‘स्नायुक’ असे नाव आहे. शरीरातील स्नायूच बाहेर येतो आहे, असे वाटण्याजोगे त्याचे रूप होते.

हा जंतू पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या अतिसूक्ष्म जीवातून पोटात जातो, हा शोध फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने १८७० साली तुर्कस्तानात लावला. नारू झालेला माणूस पायाची आग शमविण्यासाठी पायऱ्यांच्या विहिरीत उतरतो, जंतू पाण्यात असंख्य पिले सोडतो, ती सायक्लॉप्सच्या पोटात जातात, तेच पाणी लोक पितात आणि सुमारे वर्षाने नव्या माणसाच्या पायावर फोड येतो. इतके सगळे कळलेले असूनही आपल्याकडील राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. त्या वेळी देशातील सात राज्यांत मिळून सुमारे चाळीस हजार रुग्ण नोंदले गेले. ज्यांच्या सीमा आपल्या भागात एकमेकींना भिडतात ती कर्नाटक, महाराष्ट्र आणि तत्कालीन आंध्र प्रदेश ही तिन्ही राज्ये त्या सातांत होती.

नारूवर लस नव्हती आणि त्याचा जंतू मारणारे औषधही नव्हते, आजही नाही. हाती होते ते फक्त ज्ञान आणि ते लोकांना पटविण्याचे काम. हे काम ज्या रीतीने झाले तिचा अभ्यास प्रत्येक शास्त्रज्ञाने करावा. लोकांचा मूळ प्रश्न होता, ‘हा माझ्या पायात आला कोठून?’ त्याचे उत्तर व्याख्यानाने पटण्यासारखे नव्हते; कारण एक वर्षापूर्वी प्यालेले पाणी आणि आजचा फोड यांचा संबंध कोणाच्या ध्यानी यावा? पण काचेच्या भांड्यात विहिरीचे पाणी घेऊन उजेडाकडे धरले की सायक्लॉप्सचे पांढरे ठिपके हलताना नुसत्या डोळ्यांना दिसतात. तेच पाणी दुहेरी फडक्यातून गाळले की ठिपके नाहीसे होतात. पाहणाऱ्याला कारण आणि उपाय दोन्ही एकाच वेळी दिसतात.

दुसरी गोष्ट अशी की सांगितलेला उपाय माणसाच्या आवाक्यातला होता. फडके घरोघरी होते, पाणी भरणारी बाई ते हंड्याच्या तोंडाला बांधू शकत होती. आणि तिसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सारा भार लोकांच्या शहाणपणावर टाकून शासन मोकळे झाले नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून त्यांचे आड केले गेले, विहिरींत औषध टाकले गेले, गावोगाव हापसे बसले. ‘पाण्यात पाय बुडवू नका’ असे सांगताना पाणी काढण्याची दुसरी सोयही करून दिली गेली. जुलै १९९६ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. आज आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना ‘नारू’ हा शब्द शब्दकोशात पाहावा लागतो. विज्ञानप्रसाराचे इतके स्पष्ट यश क्वचितच पाहावयास मिळते.

किल्लारी : न पोहोचलेले ज्ञान

दुसरे उदाहरण दुःखाचे आहे आणि तेही आपल्या अगदी शेजारचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. त्याचे मान ६.२ होते. सुमारे दहा हजार माणसे गेली. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे पुन्हा वसवावी लागली. बीदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतही धरणी हादरली आणि आपल्यापैकी अनेकांचे सोयरे त्या गावांत होते.

हा भूकंप अगदीच अवचित आला, असे म्हणता येत नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून त्या परिसरात लहान लहान धक्के बसत होते आणि १८ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांतला मोठा धक्का बसला. लोक घाबरले होते आणि त्यांचा प्रश्न साधा होता, ‘याहून मोठा धक्का येणार काय?’ या प्रश्नाचे उत्तर शास्त्रापाशी नव्हते. लहान धक्क्यांची मालिका बहुतेक वेळा आपोआप शमते आणि क्वचित मोठ्या भूकंपाची नांदी ठरते. यांतले कोणते घडणार, हे आजही आधी सांगता येत नाही. शिवाय दख्खनचे पठार स्थिर आहे, अशी समजूत दृढ होती. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने तिला तडा गेला खरा, पण कोयना दूर होती आणि तेथे धरण होते. भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात दाखविलेला होता.

परंतु लोकांच्या त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला होता, ‘आला तर या घरात आमचे काय होईल?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र शास्त्राला ठाऊक होते. आपल्याकडील जुनी घरे कशी असतात ते आपण जाणतो. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. आतून एक थर, बाहेरून एक थर आणि मधे चिपा-मातीची भर. वर लाकडी खणांवर पांढऱ्या मातीचे माळवद, ज्यावर पावसाळ्याच्या तोंडी नवा थर पडत जातो आणि वर्षानुवर्षे ओझे वाढत जाते. उन्हाळ्यात असे घर थंड राहते, म्हणून पूर्वजांनी ते तसे बांधले. पण जमीन हलली की भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटतात, फुगतात, कोसळतात आणि वरून मातीचा ढीग येतो. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतराने बसविणे, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर घरभर एक सलग पट्टा बांधणे, कोपरे घट्ट सांधणे आणि माळवदाचे ओझे हलके करणे, एवढ्याने अशा घराची ताकद पुष्कळ वाढते. भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाची भारतीय मानक संस्थेची संहिता १९६७ सालीच प्रसिद्ध झाली होती. पण ती इंग्रजीत होती आणि अभियंत्यांसाठी होती. आपल्याकडे घरे अभियंते बांधीत नाहीत. गवंडी आणि सुतार बांधतात. त्यांच्या हातापर्यंत ते ज्ञान आले नाही.

येथे कोणा एका माणसाला दोष देण्याचा हेतू नाही. ‘मोठा धक्का येईल की नाही, हे आम्हांला सांगता येत नाही, परंतु घरातील कोणता कोपरा आधी धोक्याचा आहे आणि तो कसा सावरावा, हे सांगता येते’ असे म्हणण्याची रीत आपल्याकडे रूढ नव्हती. ज्याचे उत्तर नाही त्या प्रश्नापाशी शास्त्र थांबले आणि ज्याचे उत्तर होते तो प्रश्न कोणी विचारला नाही.

भूकंपानंतर दुसरी एक अडचण उभी राहिली. ज्यांनी आपली माणसे दगडाखालून काढली त्यांच्या मनात दगडाविषयीच भय बसले. वास्तविक दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी आतील लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिल्याचे तज्ज्ञांनी नोंदवून ठेवले आहे. ते पाहून पूर्वजांच्या बांधणीतले काय टिकले आणि काय पडले, हे गवंड्यांशी आणि सुतारांशी बोलून समजावता येत होते. दुरुस्ती कार्यक्रमातून गवंड्यांना तसे शिक्षण दिले गेलेही. पण सर्वसाधारण समजूत ‘दगड वाईट, स्लॅब चांगला’ अशीच होऊन बसली. आता वाईट बांधलेला स्लॅब भूकंपात दगडाइतकाच घातक ठरतो, हे कोणी तरी सांगावयास हवे.

एका भाषिक गोष्टीकडेही लक्ष वेधले पाहिजे. भूकंपाच्या बातम्यांत ‘तीव्रता’ हा एकच शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. भूकंपात उगमापाशी किती ऊर्जा सुटली, याचे मान हे एका भूकंपाला एकच असते. ते किल्लारीला ६.२ आणि संतपूरलाही ६.२. त्या भूकंपाचा हादरा एखाद्या गावी किती बसला, ही गोष्ट मात्र गावागणिक बदलते; ती अंतरावर, जमिनीवर आणि घरांवर अवलंबून असते. पहिल्यासाठी ‘मान’ किंवा ‘महत्ता’ आणि दुसऱ्यासाठीच ‘तीव्रता’ असे दोन शब्द पाळले, तर ‘त्यांच्याकडे सहा आणि आपल्याकडे किती?’ हा नेहमीचा गोंधळ टळेल. शास्त्रज्ञ हे शब्द नेमकेपणाने वापरतो; वृत्तपत्रात येईतो ते एकमेकांत मिसळतात. ते निराळे ठेवण्याची जबाबदारी शास्त्रज्ञाची जितकी आहे, तितकीच भाषेच्या माणसांचीही आहे.

‘ठाऊक नाही’ हे सांगण्याची विद्या

किल्लारीनंतर सोळा वर्षांनी इटलीत जवळजवळ असाच प्रसंग घडला. लाक्विला या गावी अनेक महिने लहान धक्के बसत होते. ३१ मार्च २००९ रोजी तज्ज्ञांची एक बैठक तेथे भरली आणि एका अधिकाऱ्याने नागरिकांना निश्चिंत राहण्यास सांगितले. ६ एप्रिलच्या पहाटे भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसे दगावली. २०१२ साली न्यायालयाने सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना शिक्षा ठोठावली. २०१४ साली वरिष्ठ न्यायालयाने शास्त्रज्ञांना निर्दोष ठरविले आणि अधिकाऱ्याची शिक्षा कमी केली. भूकंपाचे भाकीत न केल्याबद्दल शास्त्रज्ञांना दोषी धरणे योग्य नव्हते. मात्र भीती घालविण्यासाठी दिलेला खोटा दिलासा किती महाग पडतो, हे साऱ्या जगाने पाहिले.

लोकांना अनिश्चितता समजत नाही, असे काही विद्वानांना वाटते. आपला कोरडवाहू शेतकरी तर जन्मभर अनिश्चिततेतच वावरतो. मृग बरसेल की नाही, हे ठाऊक नसतानाही तो तुरीच्या ओळी मुगा-उडदात घालतो. एक पीक गेले तर दुसरे हाती लागावे, हा त्याचा हिशेब असतो. अशा माणसाला ‘सांगता येत नाही, पण सावध राहावे ते असे’ हे वाक्य अवघड का जावे? ते ऐकण्याची त्याची तयारी आहे. सांगणाऱ्यापाशी तेवढा विश्वास हवा.

शास्त्रज्ञांचे आपापसांत मतभेद होतात तेव्हाही हाच विश्वास लागतो. किल्लारीच्या भूकंपाशी निम्न तेरणा प्रकल्पाच्या जलाशयाचा संबंध आहे काय, यावर अभ्यासकांत वाद झाला. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल वेधछिद्र घेतले, तेव्हा काळ्या खडकाचा थर ३३८ मीटरपर्यंतच असून त्याखाली फार जुना पायाखडक असल्याचे दिसले. २००२ साली नकाशा बदलला. सर्वांत कमी धोक्याचे पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. ‘काल एक सांगत होते, आज दुसरे सांगतात’ असे लोकांनी म्हणू नये, असे वाटत असेल, तर काल तसे का वाटत होते आणि आज कोणता नवा पुरावा मिळाला, हे सांगितले पाहिजे. केवळ निष्कर्ष कळविल्याने शास्त्राविषयी आदर वाढत नाही. निष्कर्षापर्यंतची वाट दाखविल्याने वाढतो.

नारळीकरांची पोस्टकार्डे

आपल्या काळात ही वाट दाखविण्याचे काम ज्यांनी आयुष्यभर केले, त्या डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुणे येथे निधन झाले. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्यासह विश्वरचनेवर संशोधन करून कीर्ती मिळविलेले नारळीकर १९७२ साली मायदेशी परतले. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, मराठी कथा म्हणूनच तिचा निवाडा व्हावा, ही त्यामागील वृत्ती होती. कथा पारितोषिकास पात्र ठरली. पुढे १९९६ साली त्यांना विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचे कलिंग पारितोषिक मिळाले आणि नाशिक येथील २०२१ च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही मिळाले.

त्यांची एक सवय या लेखाच्या विषयाशी थेट निगडित आहे. मुले स्वाक्षरीसाठी त्यांच्याभोवती गर्दी करीत, तेव्हा ते सांगत की, मला पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न लिहून पाठवा. उत्तरासोबत स्वाक्षरी मिळेल. मुलाला आधी प्रश्न शोधावा लागे, तो आपल्या शब्दांत लिहावा लागे. शास्त्रज्ञाला मुलांच्या मनात काय चालले आहे ते कळे. उत्तर पोस्टकार्डावर मावेल इतके थोडक्यात असे. व्याख्यान देणाऱ्या शास्त्रज्ञाला श्रोत्यांचे चेहरे दिसतात, त्यांचे प्रश्न दिसत नाहीत. नारळीकरांनी आधी प्रश्न मागविले आणि मग उत्तर दिले. नारूच्या मोहिमेत हेच झाले होते आणि किल्लारीत हेच राहून गेले होते.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन अंगी बाणविणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. नागरिकावर हे कर्तव्य सोपविले, ते योग्यच झाले. पण ज्याच्यापाशी ज्ञान आहे त्याने ते नागरिकाला समजेल अशा रीतीने द्यावे, हे कर्तव्य मात्र संकेतावरच राहिले. संशोधनपत्रिकेत निबंध छापून आला की शास्त्रज्ञाची प्रतिष्ठा वाढते. सीमाभागातल्या एखाद्या गावी गवंड्यांच्या मेळाव्यात बोलून ती वाढत नाही. बाळशास्त्र्यांना आणि व्यंकटेश केतकरांना या दोन कामांत उच्चनीच भाव दिसला नाही. तो आजच्या विद्यापीठांनाही दिसू नये, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

वाचनालयाने काय करावे

आपल्या भागात मराठी, कन्नड, दख्खनी उर्दू आणि लंबाणी या भाषा एकाच बाजारात कानी पडतात. सरकारी पत्रके कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत येतात. घरी मराठी बोलणाऱ्या प्रौढ माणसापर्यंत त्यांतला आशय पोहोचविण्याचे काम कोणा कचेरीचे नाही; म्हणून ते वाचनालयाने अंगावर घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. त्यासाठी फार पैसा लागणार नाही. वाचनकक्षात एक जाड वही ठेवावी. सभासदाने, विद्यार्थ्याने, वर्तमानपत्र चाळावयास आलेल्या शेतकऱ्याने आपल्या मनातला प्रश्न तीत लिहावा. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी ग्रंथपालाने लिहावा. बोअरचे पाणी दात का डागाळते, तुरीवरचा मर रोग पुढच्या वर्षी त्याच शेतात पुन्हा का येतो, आपल्या घराच्या भिंतीत आरपार दगड आहेत की नाहीत हे कसे ओळखावे, असे प्रश्न त्या वहीत येतील.

वर्षातून दोन वेळा बीदर, कलबुर्गी, लातूर किंवा हैदराबाद येथील एखाद्या शास्त्रज्ञाला, कृषितज्ज्ञाला अथवा वैद्याला पाचारण करावे आणि व्याख्यानाचा विषय त्यांना विचारण्याऐवजी महिनाभर आधी वहीतील प्रश्नांची नक्कल त्यांच्याकडे धाडावी. त्यांनी दिलेली उत्तरे सोप्या मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून काढून त्याच वहीत प्रश्नाखाली चिकटवावीत. ज्याचे उत्तर ठाऊक नाही तेथे तसे स्पष्ट लिहावे, आणि तरीही काय करता येईल तेही लिहावे. पहिल्या शतकात या वाचनालयाने आपल्याला पुस्तके दिली. दुसऱ्या शतकाच्या पहिल्या महिन्यात ही वही वाचनकक्षातील टेबलावर यावी, अशी कार्यकारी मंडळाला विनंती आहे.